जळकं ऑईल, जुना ट्रक आणि आपला हिशेब



१ जूनला मासेमारी बंदी लागली की ट्रॉलर वर घेतले जातात, इंजिनांची कामं निघतात आणि जेटीच्या शेडमागे काळ्या ऑईलचे कॅन साचायला लागतात. आणि दरवर्षी कोणीतरी ऑफिसात डोकावून तोच प्रश्न विचारतं, "सेक्रेटरीबाब, एवढं ऑईल फुकट पडलंय. मासळीच्या जुन्या ट्रकात डिझेलबरोबर घातलं तर काय बिघडणार? अमेरिकेत लोक चालवतात म्हणे."

यंदा तीन जणांनी विचारलं. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकूया. उत्तर नुसतं "नाही" असं नाही. जुना ट्रक जळक्या ऑईलवर चालतो. मी स्वतः चालवून बघितलाय. पुढे काय झालं तेही सांगतो, कारण मंजुरी माझीच होती.

चालतो कसा?

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी जोरात दाबतात की ती तापते आणि त्या गरम हवेत फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. त्यामुळे डिझेल इंजिन इंधनाबाबत पेट्रोलइतकं चोखंदळ नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. इंजिन ऑईल हेही शेवटी खनिज तेलच. एका लिटरमधून निघणारी उष्णता डिझेलच्या जवळपासच असते.

हा उद्योग खरा फोफावला तो अमेरिकेत. त्यांच्या सैन्याचा अडीच टनी ट्रक होता, एम-३५. लोक त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. त्याच्या पुढच्या मॉडेलात ७.८ लिटरचं सहा सिलिंडरचं 'मल्टिफ्युएल' इंजिन बसवलं. कारण सरळ होतं. लढाईत हवं तेच इंधन मिळेल याची खात्री नसते, म्हणून डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, जे हाती लागेल त्यावर गाडी चालली पाहिजे. त्यासाठी जर्मनीच्या मॅन कंपनीची पद्धत घेतली होती. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटीसारखा खळगा असतो, त्याच्या भिंतीवर इंधन पसरतं आणि तिथून वाफ होत होत जळतं. या इंजिनात दाब २२ ला १ इतका. आपल्या साध्या ट्रकात तो १६ ते १८ ला १ च्या आसपास असतो. शिवाय पंपावर इंधनाच्या घनतेप्रमाणे मात्रा जुळवणारा वेगळा भाग होता. त्याच मॅन कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे जबलपूरला १९५९ पासून सैन्याचा शक्तिमान ट्रक बनत होता. जुन्या लोकांना तो आठवत असेल.

पुढे अमेरिकन सैन्याने हे ट्रक मोडीत काढले, शेतकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी ते विकत घेतले आणि गॅरेजांतलं काळं ऑईल गाळून त्यांत घालायला सुरुवात केली. तिथून ते जुन्या मर्सिडीज गाड्यांत आणि जुन्या पिकअपमध्ये गेलं. तेव्हा "अमेरिकेत चालतं" हे खोटं नाही. पण कोणत्या इंजिनात चालतं, ते कोणी सांगत नाही.

आमच्या ट्रकाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुना ट्रक होता. मासळी आणि बर्फ वाहायचा. महिन्याला दहाएक फेऱ्या बेळगावच्या, डिझेल साधारण ५०० लिटर. ड्रायव्हर हुशार माणूस. तो म्हणाला, "१०० लिटरला १५ लिटर काळं ऑईल घालतो, फडक्यातून गाळून. इंजिनाला कळणारसुद्धा नाही." डिझेल ९० रुपये धरलं तर महिन्याला ७५ लिटरचे ६,७५० रुपये वाचतात. मी हिशेब केला आणि हो म्हटलं.

तीन महिने खरंच काही कळलं नाही. उलट इंजिनाचा आवाज जरा मऊ झाल्यासारखा वाटायचा. धूर वाढला होता, पण जुन्या ट्रकाला धूर असायचाच, असं आम्ही समजलो. मग थंडीत पहाटे स्टार्टर जास्त वेळ मारावा लागू लागला. डिझेल फिल्टर लवकर भरू लागला. ड्रायव्हर नवा फिल्टर सोबतच ठेवायचा.

जानेवारीत एका रात्री बांगडा आणि तारली भरून ट्रक निघाला. चोर्ला घाटात, चढावर, रात्री अडीचला गाडीने ओढ सोडली. फिल्टर बदलला, हवा काढली, थोडं पुढे गेली, परत बंद. दुसरा फिल्टर घातला. मग मात्र स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. पंपाचं एक एलिमेंट अडकलं होतं. मला फोन आला तेव्हा पहाटेचे सव्वातीन. दुसरी गाडी मिळवून, अंधारात क्रेट उतरवून-चढवून मासळी बेळगावात पोचली साडेनऊला. लिलाव आटोपला होता, बर्फ अर्धा पाणी झालेला. मिळेल त्या भावाने माल दिला.

पंप आणि नोझलचं बिल ३१,००० रुपये. मासळीच्या भावात फटका १८,००० च्या वर. तीन महिन्यांत वाचवले होते जेमतेम २०,०००. त्या दिवशी ज्यांची मासळी होती त्या बोटवाल्यांसमोर हा हिशेब वाचताना मला मान वर करता आली नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पंपवाल्याने दाखवलं ते

पंप उघडल्यावर पंपवाल्याने मला बोलावलं आणि एलिमेंट हातात दिलं. प्लंजरवर बारीक उभ्या रेघा. तो म्हणाला, प्लंजर आणि त्याच्या नळीत फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस असतो ७० मायक्रॉनच्या आसपास. आता सांगा, फडक्यातून गाळलेल्या ऑईलमध्ये काय काय राहत असेल?

जळक्या ऑईलमध्ये चार गोष्टी असतात. पहिली काजळी. दुसरी इंजिन झिजून आलेले लोखंड, तांबं, शिसं यांचे कण. तिसरी ऑईलमध्ये कंपनीनेच घातलेली रसायनं, त्यात जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम असतं. ही गाळून निघत नाहीत, कारण ती ऑईलमध्ये विरघळलेली असतात. जळल्यावर त्यांची राख होते आणि ती नोझलच्या तोंडावर, व्हॉल्ववर, रिंगांच्या खाचांत बसते. चौथी गोष्ट पाणी. ट्रकाच्या ऑईलमध्ये ते थोडं असतं. ट्रॉलरच्या ऑईलमध्ये बिल्जचं खारं पाणी मिसळलं असेल तर मीठ थेट पंपात जातं.

शिवाय घट्टपणा. ४० अंश तापमानाला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, तर आपल्या १५डब्ल्यू-४० ऑईलचा १०० च्या वर. म्हणजे वीस-पंचवीस पटीहून जास्त. घट्ट इंधनाचा बारीक फवारा होत नाही, थेंब पडतात. थेंब पुरते जळत नाहीत. तोच तो काळा धूर.

पंपाचा प्रकारही बघावा लागतो. इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑईलचं वंगण मिळतं, म्हणून तो थोडा तग धरतो. रोटरी पंपाला वंगण इंधनाचंच, तो लवकर जातो. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर विचारही करू नका. तिथे कॉमन रेलचा दाब हजार-दीड हजार बारच्या वर असतो, आणि सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये राख अडकली की ती जळून जात नाही.

जे लोक हे नीट करतात ते आधी ऑईल आठवडेच्या आठवडे स्थिर ठेवतात, पाणी खालून सोडतात, सेंट्रिफ्यूज मशीनने कचरा काढतात, मग बारीक फिल्टरमधून नेतात. गाडीला दोन टाक्या बसवतात. डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की कूलंटच्या उष्णतेने गरम केलेल्या ऑईलवर न्यायची, बंद करण्याआधी परत डिझेलवर आणायची. एवढं करूनही राख उरतेच. काही जण ऑईल पातळ करायला त्यात पेट्रोल घालतात. ते कृपया कोणी करू नका. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेट घेते. बंद शेडमध्ये तो ड्रम म्हणजे बॉम्बच.

आणखी एक धोका. पंपाची रॅक उघड्या स्थितीत अडकली तर इंजिन आपोआप पळत सुटतं आणि चावीने बंद होत नाही. घाटात, भरल्या गाडीत, हे होऊ नये.

खरा हिशेब

आता तो हिशेब, जो मी तेव्हा केला नाही. तेव्हा मी फक्त वाचणारे पैसे मोजले, ऑईल कुठून येणार ते मोजलंच नाही.

आमच्या ट्रकाचं ऑईल १०,००० किलोमीटरला बदलायचो, १४ लिटर निघायचं. लिटरला ५ किलोमीटर धरले तर तेवढ्या अंतरात इंधन लागतं २,००० लिटर. म्हणजे ट्रकाचं स्वतःचं ऑईल इंधनाच्या एक टक्कासुद्धा नाही. बचत १४ गुणिले ९०, म्हणजे १,२६० रुपये. दहा हजार किलोमीटरमागे!

आणि १५ टक्के घालायचं तर ३०० लिटर ऑईल पाहिजे. म्हणजे एकवीस ट्रकांचं. ते कुठून आणणार? गॅरेजमधून, बोटींतून, जिथे मिळेल तिथून. त्यात गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, कूलंट, खारं पाणी, सगळं आलं. आपल्या गाडीचं बरं ऑईल वापरलं तर बचत नगण्य, आणि बचत दिसेल एवढं वापरायचं तर दुसऱ्यांची घाण आपल्या पंपात घ्यायची. मधला रस्ता मला तरी सापडला नाही.

आमच्या ट्रकात आणखी एक चूक होत होती, ती मला नंतर कळली. ऑईलचे कॅन हौद्यात मासळीच्या क्रेटशेजारी ठेवले जायचे. २०१८ साली फॉर्मेलिनच्या प्रकरणात गिऱ्हाइकाचा विश्वास जायला किती वेळ लागला, ते आपण सर्वांनी पाहिलंय. बर्फाला जळक्या ऑईलचा वास लागला तर पुढची दहा वर्षं काय सांगत बसणार?

मग ऑईलचं करायचं काय?

विचारणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. ट्रकात जाळणं वाईट, पण गटारात किंवा खाडीत ओतणं त्याहून वाईट. अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं की एका गाडीच्या एका वेळच्या ऑईलने दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं. ज्या पाण्यावर आपलं पोट, त्यात आपणच ते ओतायचं?

कायद्याने वापरलेलं ऑईल हा धोकादायक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. ते अधिकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. आणि हे ऑईल वाया जात नाही. शुद्ध करून त्याचं परत वंगण होतं. त्याच अमेरिकन खात्याच्या हिशेबाने, ४२ गॅलन कच्च्या तेलातून जेवढं वंगण निघतं तेवढं एका गॅलन वापरलेल्या ऑईलमधून मिळतं. असा माल आपण धुरात घालवतो.

म्हणून या बंदीच्या काळात एवढं करूया :

शेडमध्ये झाकणाचे दोन ड्रम ठेवले आहेत. एकात ट्रक आणि बोटींचं निव्वळ इंजिन ऑईल, दुसऱ्यात बिल्जचं पाणीमिश्रित ऑईल. दोन्ही एकत्र करू नका. स्वच्छ ऑईलला भाव येतो, पाणी मिसळलं की येत नाही. कूलंट, पेट्रोल, थिनर यांतला थेंबही नको. जुने फिल्टर उलटे ठेवून निथळवा, मग द्या. ऑईल देताना वहीत लिटर आणि बोटीचं नाव लिहा. ड्रम भरले की अधिकृत रिसायकलरला देऊ, पावती घेऊ आणि आलेले पैसे लिटरप्रमाणे ज्याचे त्याला मिळतील. फार नसतील. पण १४ लिटरच्या बचतीसाठी ३१,००० चा पंप उघडावा लागणार नाही.

आणि डिझेल वाचवायचंच असेल तर जुन्या ट्रकाचे नोझल वेळेवर तपासून घ्या, पंपाचं कॅलिब्रेशन करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर साफ करा. यात नवल काही नाही, म्हणून कोणी करत नाही.

आमचा तो ट्रक पुढे आणखी चार वर्षं चालला, निव्वळ डिझेलवर. ते रेघा पडलेलं एलिमेंट मी अजून ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंय. ज्यांना प्रश्न असेल त्यांनी यावं, हातात घेऊन बघावं. चहा माझ्याकडून.

आपला,
सेक्रेटरी