पाणबुड्यांचं जुनं घड्याळ: मोल कशात?

फेवर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईच्या बाजारात होती. त्यामुळे कोल्हापुरात एखाद्या जुन्या कपाटात आजोबांचं फेवर-ल्यूबा निघालं तर नवल नाही. मात्र ते बहुधा ‘सी चीफ’ किंवा ‘सी किंग’ असतं. नावात समुद्र असला, तरी ही रोजच्या वापराची साधी घड्याळं.

दुर्मीळ म्हणावं ते १९६०च्या दशकातलं ‘डीप ब्ल्यू’, आणि त्याहूनही ‘बाथी’. बाथीच्या मागच्या झाकणाला भोकं असतात. त्यांतून शिरलेलं पाणी पातळ पडद्यावर दाब देतं आणि तबकडीवरचा काटा खोली दाखवतो. ‘बाथी ५०’ हे मॉडेल खोली मीटरमध्ये मोजतं, ‘बाथी १६०’ फुटांत.

किंमत: डागाळलेली मूळ तबकडी नव्यानं रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा मोलाची. रंगवलेल्या, इकडचे-तिकडचे भाग जुळवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. आपल्या कारागिरांवर हा थोडा अन्यायच, पण खरेदी करताना लक्षात ठेवावा असा.

दुरुस्ती: मशीन साफ करून तेल द्यायला आणि रबरी वॉशर बदलायला सांगा. केसला बफ नको, तबकडीला ब्रश नको. काट्यांवरचा जुना चमकता थर खरवडू देऊ नका, त्यात रेडियम असू शकतं. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी झिजलेली चावीसुद्धा, परत मागून घ्या. आणि दाबाची चाचणी झाल्याशिवाय पंचगंगेत सोडाच, नळाखालीही धरू नका.