काळजात धस्स होते तेव्हा...

वाईट बातमी कळली की ‘काळजात धस्स झालं’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात दुःख, भीती, माया यांची जाणीव मेंदूला होते. हृदय हा मुठीएवढा स्नायूंचा पंप; मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर पोहोचवणे हे त्याचे काम. पण मेंदूचा हुकूम मज्जातंतू आणि अ‍ॅड्रेनलिनमार्फत त्याच्यापर्यंत जातो, म्हणून धडधड वाढते.

कधी हा मारा हृदयाला सोसत नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर डाव्या कप्प्याचे टोक फुगते आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या विकाराला ‘ताकोत्सुबो’ म्हटले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके. फुगलेला कप्पा तसाच दिसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हा विकार जास्त आढळतो. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण सुरुवातीला जिवावरही बेतू शकते.

छातीत दुखणे, धाप लागणे ही लक्षणे हार्ट अटॅकसारखीच. नेमके काय झाले आहे, हे तपासण्यांनंतरच कळते. म्हणून दुःखाच्या घरात कुणाच्या छातीत दुखू लागले, तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणत घरी झोपवून ठेवू नका. लगेच रुग्णालयात न्या.