पैसे घेणारा रिले: नेमकं काय विकत मिळतं?

आज बोलूया नॉस्टरबद्दल, आणि त्यातल्या पैसे घेणाऱ्या रिलेंबद्दल.

आधी, हे हवंच कशाला? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरापोरींचे फॉलोअर्स एका फटक्यात गेले. मराठीतही चालणारं देशी 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झालं. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे खातं कंपनीच्या घरात होतं. घराला टाळं, की खातं संपलं.

२०२० मध्येच सुरू झालेलं नॉस्टर हे ॲप नाही, तो प्रोटोकॉल आहे. इथे खातं म्हणजे दोन चाव्या. 'एनपब'वाली सगळ्यांना द्यायची, 'एनसेक'वाली कुणालाच नाही. गुप्त चावीने पोस्टवर सही होते आणि पोस्ट रिलेंवर जाते. रिले म्हणजे पोस्ट साठवणारा आणि मागेल त्याला देणारा सर्व्हर.

समजा, शहापूर तालुक्यातली एक मुलगी लिहिते: भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, आणि आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर येतो. तिची पोस्ट एका रिलेवर गेली आणि मुरबाडच्या मैत्रिणीचं ॲप भलत्याच रिलेवर शोधत बसलं, तर पोस्ट दिसणारच नाही. म्हणून 'मी इथे लिहिते' अशी रिलेंची यादी जाहीर करता येते. चांगलं ॲप ती यादी बघून तिथून पोस्ट आणतं.

आता पैशांचं. फुकट रिलेवर कुणीही लिहितं, त्यामुळे स्पॅम फार. शिवाय सर्व्हरचा खर्च कुणीतरी उचलायचाच असतो. म्हणून काही रिले एकदाच प्रवेश फी घेतात, काही ठरावीक मुदतीची वर्गणी, तर काही पोस्टमागे पैसे. हे पैसे बहुतेकदा यूपीआयने नाही, बिटकॉइनच्या लाइटनिंगवरून 'सॅट'मध्ये जातात. एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट. आपल्याकडे अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हेही लक्षात असू द्या.

बदल्यात मिळतं काय? स्पॅम कमी, आणि रिलेचा नियम तसा असेल तर साठवण जास्त दिवस. वाचक मात्र विकत मिळत नाहीत.

इथे एक फरक ओळखा. काही रिलेंवर लिहायला पैसे, वाचणं फुकट. काहींवर वाचायलाही सभासद व्हावं लागतं. टँकरची पोस्ट फक्त दुसऱ्या प्रकारच्या रिलेवर टाकली, तर गावातलंच कुणी वाचणार नाही.

मग भरतीच्या नोट्स विकायला बंद रिले बरा? तिथेही जपून. एखाद्या सभासदाने तीच सही केलेली पोस्ट दुसऱ्या रिलेवर टाकली, तर ती तिथेही अस्सलच ठरते. कुलूप रिलेच्या दाराला असतं, पोस्टला नाही. आणि 'डिलीट' ही फक्त विनंती असते, रिले ती मानेलच असं नाही.

तर करायचं काय? लिहायला दोन ते चार रिले पुरेत. जास्त जोडलेत तर डेटा आणि बॅटरी दोन्ही जातात, आणि रेंज कमी असेल तिथे ॲप रखडतं. त्यात निदान एक फुकट ठेवा. पैसे भरायचेच असतील तर वाचायला खुला असलेला रिले निवडा. आधी रिलेचं माहितीपत्रक उघडून फी आणि साठवणीची मुदत बघा. पोस्ट टाकल्यावर दुसऱ्या ॲपमधून ती दिसते का, तेही तपासा.

आणि एनसेक चावी आजच कागदावर उतरवून ठेवा. रिले बंद पडला तर दुसरा जोडता येतो. चावी हरवली, तर 'पासवर्ड विसरलात?' असं बटण इथे नाही.