प्रत्यारोपण-संशोधनातील प्राणी

परक्या शरीरातून आलेला अवयव रोगप्रतिकारयंत्रणा नाकारते. हा नकार कसा थोपवावा, याचा शोध आधी प्राण्यांवर घेतला जातो. सख्ख्या भावंडांचा किमान २० पिढ्या संकर करून जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे उंदीर तयार करतात. त्यांची त्वचा एकमेकांवर टिकते. दुसऱ्या वाणाची त्वचा मात्र काही दिवसांत सुकून गळून पडते. १९५३ मध्ये पीटर मेडावार व सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भांत परक्या वाणाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्यांतील काहींनी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. १९६० मध्ये रॉय काल्न यांनी कुत्र्यांमध्ये मूत्रपिंडाचा नकार औषधाने लांबवला.

डुकराचे हृदय आणि मूत्रपिंड आकाराने माणसाच्या अवयवांशी जुळतात. पण त्याच्या पेशींवरील एका शर्करेवर मानवी प्रतिपिंडे तत्काळ हल्ला करतात. म्हणून ती शर्करा बनवणारे जनुक निकामी केलेली डुकरे निर्माण झाली आणि त्यांचे अवयव बबून माकडांत तपासले गेले. २०२२ मध्ये अमेरिकेत १० जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णाला बसवले. तो सुमारे दोन महिने जगला. या प्रगतीची किंमत प्राणी मोजतात. म्हणून त्यांची संख्या आणि वेदना कमीत कमी ठेवणे हे संशोधकांचे कर्तव्य आहे.