रवा आणि रंग



कढवलेले तूप सावकाश निवू दिले तर रवाळ होते. भांडे गार पाण्यात ठेवून घाईने थिजवले तर रवा बारीक पडतो. अर्धवाहक द्रव्यांचे अतिसूक्ष्म स्फटिक वाढविणाऱ्या रसायनशास्त्रज्ञापुढचा प्रश्न मुळात हाच आहे. फरक इतकाच, की त्याचा रवा काही नॅनोमीटरचा असतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर.

एवढा आटापिटा कशासाठी? कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, ६ नॅनोमीटरचा तांबडा. द्रव्य तेच, परंतु इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जितकी अपुरी, तितके त्याच्या ऊर्जापातळ्यांतील अंतर मोठे. म्हणून रवे लहानमोठे निघाले, की रंग गढूळ झालाच म्हणून समजावे.

सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ साली ताम्र क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला कमीअधिक वेळ तापवून हा आकाराचा प्रभाव दाखविला. ते कण मात्र काचेतच अडकलेले. अमेरिकेत लुई ब्रुस यांनी द्रावणातले कॅडमियम सल्फाइडचे कण काही काळ टेबलावर तसेच ठेवले आणि त्यांचे प्रकाशीय गुणधर्म बदललेले आढळले. कण वाढले असावेत, हा त्यांचा तर्क खरा ठरला. १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. शोधही तोच आणि अडचणही तीच! द्रावणात लहान कण विरघळतात व त्यांच्या द्रव्यावर मोठे पोसतात. शिवाय जुने वाढत असता नवी बीजे पडतच राहतात.

यावरचा तोडगा १९९३ साली मौंगी बावेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढला. अतितप्त द्रवात अभिक्रियाकारके पिचकारीने एकदम सोडायची. द्रावण क्षणात अतिसंपृक्त होते व असंख्य बीजे एकाच वेळी पडतात. त्याच भराने द्रावण निवते, विरळ होते, आणि नवी बीजे पडणे थांबते. मग बेताने तापवीत न्यावे. सारे कण बरोबरीने वाढतात. पृष्ठभागाला चिकटलेले सेंद्रिय रेणू वाढीला लगाम घालतात. सगळी मुले एकाच दिवशी पहिलीत घातली, की पाचवीतही ती एकाच वयाची असतात, तसेच हे. मला स्वतःला ही युक्ती त्या शतकातील रसायनशास्त्राच्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी वाटते. या तिघांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकार साधला तरी रचना उरतेच. पृष्ठभागावरील अणूंचे काही बंध अपुरे राहतात व तेथे प्रकाश वाया जातो. त्यावर १९९६ साली जस्त सल्फाइडचे कवच चढविण्यात आले आणि कण कितीतरी तेजस्वी झाले.

कॅडमियम विषारी असल्याने दूरदर्शन संचांच्या पडद्यांसाठी इंडियम फॉस्फाइडकडे उत्पादक वळले आहेत. तेथे मात्र बीज पडणे आणि वाढणे ही दोन कामे इतक्या सहजी वेगळी होत नाहीत, आणि रवा एकसारखा काढताना अजूनही दमछाक होते.