सिडनी बार्न्स: काउंटीला नाही म्हणणारा बोलर

‘आपला रेट कसा सांगायचा’ या विषयावर प्रश्न खूप येतात. आज त्यासाठी एका क्रिकेटरचा हिशोब मांडतो. नाव सिडनी बार्न्स, जन्म 1873, इंग्लंडमधलं स्टॅफर्डशायर.

आधी त्या काळचा धंदा समजून घ्या. काउंटीत दोन प्रकारचे खेळाडू असायचे. अमॅच्युअर म्हणजे साहेब लोक आणि प्रोफेशनल म्हणजे पगारी. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. पगारी बोलरला उन्हाळाभर जवळपास रोज घाम गाळायला लागायचा आणि हिवाळ्यात पोटाचं काय, हा त्याचा त्याने बघायचा प्रश्न. आपल्याकडे छत्र्या विकणाऱ्याला विचारा, सीझन संपला की काय होतं ते!

दुसरीकडे लँकेशायर लीग. गावागावांचे क्लब, मॅच शनिवारी दुपारी, प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच. चांगला खेळला की प्रेक्षकांत टोपी फिरायची, ते पैसे त्याचे. म्हणजे फिक्स प्लस इन्सेंटिव्ह, आणि बाकीचा आठवडा दुसऱ्या कामाला मोकळा.

बार्न्स या लीगमधलाच. 1901 मध्ये इंग्लंडचा कॅप्टन आर्ची मॅक्लारेनने त्याला नेटमध्ये बघितलं आणि थेट ऑस्ट्रेलियाला नेलं. तोवर काउंटीच्या मॅच मोजक्याच झालेल्या, तरी पहिल्या दोन टेस्टमध्ये 19 विकेट! मग दोन सीझन लँकेशायर काउंटीकडून खेळला. 1903 मध्ये शंभराच्या वर विकेट काढल्या, पण पुढच्या वर्षाच्या अटी पटल्या नाहीत. सही केली नाही. परत लीगमध्ये गेला आणि स्टॅफर्डशायर या छोट्या काउंटीकडून खेळायला लागला.

लोक म्हणाले असतील, संपला. किंमत मोजलीच त्याने. 1902 ते 1907 एकही टेस्ट नाही. ऐन तिशीतली पाच वर्षं गेली, हे कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये भरून निघत नाही.

पण पुढचा आकडा बघा. त्याच्या एकूण 27 टेस्टपैकी 23 काउंटी सोडल्यानंतरच्या आहेत. 1911 च्या शेवटी मेलबर्नला पहिल्या 5 ओव्हरमध्ये 1 रन देऊन 4 विकेट. करिअरच्या टेस्ट विकेट 189, सरासरी 16.43. माल असा असेल तर गिऱ्हाईक शोधत येतं. मात्र माल असा असेल तरच, हे विसरू नका राव.

1913-14 चा दक्षिण आफ्रिका दौरा मला अजून खटकतो. वय 40, चार टेस्टमध्ये 49 विकेट. एका सीरिजमधला हा रेकॉर्ड आजही तुटलेला नाही. पाचव्या टेस्टआधी पैशांच्या बोलाचालीवरून बिनसलं आणि तो खेळलाच नाही. तेव्हा इंग्लंडने सीरिज जिंकलेली होती. म्हणजे त्याच्या हातात दबाव टाकायला काही उरलंच नव्हतं. इथे माझ्या मते त्याचं टायमिंग चुकलं. पुढे महायुद्ध सुरू झालं, परत टेस्ट नाही.

लीगमध्ये मात्र तो पुढे अनेक वर्षं खेळला. स्टॅफर्डशायरसाठी 1,441 विकेट काढल्या, शेवटचा सीझन 1935, वय 62! अक्षर इतकं सुंदर होतं की काउंटी कौन्सिलची कायदेशीर कागदपत्रं लिहायचं काम त्याच्याकडे होतं. 1967 मध्ये 94 व्या वर्षी गेला. वयाच्या नव्वदीतही हे काम चालूच होतं.