आवाजावरून ओळखावा असा हिरवट पाहुणा

पावसाळा ओसरू लागला, की शहरातील वड, पिंपळ आणि शिरीषाच्या माथ्यावर एक इवलासा पाहुणा दाखल होतो. बहुतेकांना त्याची चाहूलही लागत नाही. चिमणीहून बराच लहान, वजन जेमतेम 7-8 ग्रॅम आणि रंग पानांत मिसळून जाणारा. हा हिरवट पर्ण वटवट्या. इंग्रजीत ग्रीनिश वॉर्बलर. सप्टेंबरच्या सुमारास येणारा हा पक्षी एप्रिलपर्यंत आपल्याकडे मुक्काम करतो.

त्याची ओळख पटवणे नवशिक्या पक्षिनिरीक्षकाला अवघडच जाते. पाठ हिरवट करडी, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक पांढुरकी रेघ. पिसे झिजली, की ती रेघही दिसेनाशी होते. शिवाय पक्षी क्षणभरही स्थिर बसत नाही. पानामागचे किडे व अळ्या टिपत सतत हिंडतो. शिंपी पक्षी झुडपांत, शेपटी उभारून वावरतो. हा मात्र झाडाच्या शेंड्याकडे रमतो.

अशा वेळी डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. 'ची-वी' अशी दोन अक्षरी, तीक्ष्ण साद तो दिवसभर घालतो. बोरू वटवट्याची साद मात्र 'चक्' अशी कोरडी असते. एकदा हा फरक कानांत बसला, की गजबजलेल्या रस्त्यावरही हा पक्षी ओळखता येतो.

आवाजाचे हे महत्त्व शास्त्रज्ञांनाही पटले आहे. या पक्ष्याच्या विणीच्या वसाहती तिबेटच्या पठाराला कड्यासारख्या वेढून आहेत. हिमालयातून एक साखळी पश्चिमेकडून आणि दुसरी पूर्वेकडून उत्तरेला जाते. शेजारच्या वसाहतींतील गाण्यांत थोडाच फरक असतो. पण उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंची गाणी लांब, गुंतागुंतीची आणि परस्परांहून भिन्न होत जातात. सायबेरियात ही दोन टोके भेटतात, तेव्हा एकाचे गाणे दुसऱ्याला आपले वाटतच नाही आणि त्यांची जोडी सहसा जमत नाही. डॅरेन अर्विन व सहकाऱ्यांनी 2001 साली हे संशोधन मांडले. ही साखळी पूर्वी काही ठिकाणी तुटलेली होती, असे 2014 च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. पण एका जातीच्या दोन कशा होतात, हे समजून घेण्यासाठी हा पक्षी आजही मोलाचा मानला जातो.

आपल्याकडे येतात ते प्रामुख्याने या कड्याच्या पश्चिम बाजूचे पक्षी. विणीचे गाणे ते येथे क्वचितच गातात. तरीही 'ची-वी' ही साद निरर्थक नसते. हिवाळ्यातही प्रत्येक पक्षी काही झाडांचा टापू स्वतःसाठी राखतो आणि त्या सादेने इतरांना दूर ठेवतो. म्हणूनच रस्तारुंदीकरणात एखादा जुना वृक्ष तुटतो, तेव्हा केवळ सावली जात नाही; हजारो किलोमीटर उडून आलेल्या एखाद्या पाहुण्याचे हिवाळ्यातील घरही जाते. शेजारची झाडे रिकामी असतीलच, असे नाही. तेथे बहुधा दुसऱ्या कुणाची 'ची-वी' आधीच घुमत असते.

येत्या हिवाळ्यात घराजवळच्या मोठ्या झाडाखाली सकाळी पाच मिनिटे थांबावे. पाहुणा दिसला नाही, तरी ऐकू येईल.